चर्च हिस्टरी लायब्ररी, सॉल्ट लेक सिटी : जुन्या कागदांची ओढ असेल तर जाच

मुलीकडे सॉल्ट लेक सिटीजवळच्या सँडीला तीन महिने राहिले, त्यातले अकरा दिवस या ग्रंथालयात बसून काढले. पुण्यात गेली बावीस वर्षं मी मोडी वाचते. घरोघरचे रुमाल सोडायचे, खतं, हिशेब, दुखवट्याची पत्रं लावायची, हेच माझं काम. तेव्हा परक्या मुलखातलं दप्तर कसं राखलंय ते बघायचंच होतं. शिवाय एक पुणेरी कारणही होतं. हे ग्रंथालय मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचं, आणि त्यांचे ह्यू फिंडले नावाचे प्रचारक १८५२ मध्ये मुंबईला उतरले आणि पुढे पुण्याला आले. त्यांच्या इथल्या रोजनिशीबद्दल ऐकून होते, वाचायचा योग आला नव्हता.

सँडीहून ट्रॅक्स या शहरी रेल्वेची निळी लाइन थेट टेंपल स्क्वेअरला सोडते, तिथून चालत जाता येतं. इमारत २००९ मधली. फी नाही, आणि तुम्ही त्यांच्या धर्माचे आहात का, हेही कोणी विचारत नाही. ओळखपत्र दाखवायचं, पिशवी लॉकरमध्ये ठेवायची आणि आत जायचं. आमच्याकडच्या एका दप्तरखान्यात तीन पत्रांच्या नकलेसाठी मला चार महिने हेलपाटे घालावे लागले होते. इथे पहिल्याच दुपारी हवा तो कागद समोर आला तेव्हा खरं सांगते, डोळे भरून आले.

पॅटी सेशन्स ही सुईण. फेब्रुवारी १८४६ मध्ये मॉर्मन लोकांना इलिनॉय राज्यातलं नॉवू हे गाव सोडून पश्चिमेकडे निघावं लागलं, तेव्हा हिची एक्कावन्नी उलटलेली. निघताना मुलीने, सिल्व्हियाने, एक कोरी वही दिली. मुलगी मागे राहिली, वही आईबरोबर गेली. त्या वहीची पानं मी पडद्यावर मोठी करून वाचली. विरामचिन्हं जवळजवळ नाहीत, स्पेलिंग कानाला येईल तसं. मोडीत शब्द न तोडता लिहिलेलं वाचायची सवय असल्याने मला ते अवघड गेलं नाही, उलट ओळखीचं वाटलं. पाऊस, चिखल, कोण आजारी, आणि मध्येच अमकीला ‘पुट टु बेड’ केलं. मी दोनदा वाचलं तेव्हा कळलं, झोपवलं नाही, बाळंत केलं! नवऱ्याने दुसरी बायको केली होती, त्याचा सलही याच वहीत आहे. पुढच्या वर्षी ही बाई स्वतः बैलगाडी हाकत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली.

मेरी गोबल पे यांच्या आठवणी वेगळ्या जातीच्या. १८५६ मध्ये तेरा वर्षांची ही इंग्लिश मुलगी सॉल्ट लेककडे निघालेल्या हंट यांच्या गाड्यांच्या तांड्यात होती. बर्फात पायाची बोटं गेली. ११ डिसेंबरला रात्री त्यांची गाडी शहरात शिरली, आणि आईने त्याच दिवशी डोंगरात प्राण सोडला होता. पण हे तिने लिहिलं मोठेपणी, कित्येक वर्षांनी. आपल्याकडे आपण अस्सल पत्र आणि बखर यांत भेद करतो ना, तोच इथे करावा. लिव्हाय सॅव्हेज यांची रोजनिशी अस्सल कागद. हा गृहस्थ कलकत्ता, ब्रह्मदेश करून परतलेला. १८५६ च्या ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सच्या मुक्कामी त्यांनी हातगाड्या ओढत पायी निघालेल्या विली यांच्या तांड्याला बजावलं, इतक्या उशिरा निघू नका, म्हातारेकोतारे मरतील. कोणी ऐकलं नाही, तेव्हा तेही सोबत निघाले. त्या वर्षी विली आणि मार्टिन या दोन हातगाडी तांड्यांतली २०० हून जास्त माणसं दगावली. पुढे काय होणार हे माहीत नसलेल्या माणसाने त्याच दिवसांत लिहिलेलं वाचताना पोटात कालवतं. बखर म्हणून मेरीच्या आठवणी बाजूला टाकाव्यात असं मात्र मी म्हणणार नाही. तेरा वर्षांच्या पोरीचे पाय काय सोसतात ते दुसरं कोण सांगणार?

ज्यांना तिथवर जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी या लोकांचा बायोग्राफिकल डेटाबेस घरबसल्या फुकट बघता येतो. नाव घातलं की १८४७ ते १८६८ मधला कोणता तांडा, कधी निघाला, कधी पोहोचला, सोबत कोण होतं आणि त्या प्रवासावर कोणी काय लिहून ठेवलंय, सगळं साखळीसारखं उलगडत जातं. एकाच दिवसाबद्दल तिघांचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवून वाचता येतं. आपल्या घराण्यांच्या कागदांची अशी सूची असावी म्हणून मी किती वर्षं जीव टाकतेय!

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथले बरेच उतारे प्रवासापुरतेच असतात, आधीचं आणि नंतरचं आयुष्य हवं तर मूळ वही गाठा. दुसरं, ज्यांच्या भूमीतून हे तांडे गेले ते शोशोनी, यूट हे तिथले मूळ रहिवासी या कागदांत दुसऱ्यांच्या नजरेतूनच दिसतात. ती रुखरुख मला रोज घरी जाताना असायची.

फिंडले यांची भारतातली रोजनिशी छापील रूपात मिळाली. मुंबईचा भाग वाचून झाला, पुण्याला पोहोचले आणि ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली. मुलीने पुढच्या उन्हाळ्याचं तिकीट काढलंय.