ऐंशी युरोंची सायकल

मी बोटीवर फिटर आहे, मूळचा रत्नागिरीचा. इंजिनरूममध्ये आठवडाभर घामाघूम झाल्यावर शोअर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची सुट्टी, मिळाली की बाकीची पोरं सिमकार्ड आणि चॉकलेटं घ्यायला पळतात, मी सायकल शोधतो. अँटवर्पला श्केल्ड नदीखालचा १९३३ सालचा बोगदा आहे, त्यात लाकडी सरकत्या जिन्यावरून सायकल खाली न्यायची. हॅम्बुर्गला एल्बेखालचा बोगदा १९११ चा, तिथे सायकल लिफ्टने उतरते. पण माझा जीव रॉटरडॅमच्या वाटेवर. बॉटलेक भागात बोट लागली की रोझेनबर्गहून फेरीबोटीने पलीकडे मासस्लाउसला जायचं आणि पाण्याच्या कडेकडेने समुद्राकडे निघायचं. वाटेत मासलांट बंधाऱ्याचे दोन अजस्र दरवाजे लागतात, एकेक २१० मीटर लांब. वारा मात्र नेहमी समोरूनच, जातानाही आणि येतानाही. हे कसं जमतं देव जाणे.

एप्रिलात फेरीच्या धक्क्यावर एक माणूस भेटला. अंगात बॉयलरसूट, पायात सेफ्टी शूज, शेजारी झकास डच सायकल. मला बघून हसला. ‘इंडियन क्रू? कोणती रँक?’ मग म्हणाला, आजच साइन ऑफ झालोय (म्हणजे बोटीवरची नोकरी संपवून उतरलोय), चार महिन्यांची वाढीव मुदत संपली एकदाची, उद्या फ्लाइट आहे, सायकल विमानात कशी नेऊ? शंभर मागितले, ऐंशीवर आला. नवी घ्यायची तर सात-आठशे युरो पडले असते. मी वर त्यालाच ‘हॅपी जर्नी’ म्हटलं.

आता सांगतो, मी काय काय विचारलं नाही. बोटीचं नाव विचारलं नाही. कोणत्या धक्क्याला लागलीय, बंदरातला तिचा एजंट कोण, काहीच नाही. गँगवेवर, म्हणजे बोटीवर चढायच्या शिडीशी, पहाऱ्याला उभा असतो तेव्हा अनोळखी माणसाला हेच सगळं विचारल्याशिवाय मी वर येऊ देत नाही! पण त्याने ‘साइन ऑफ’ म्हटलं आणि मला तो घरचा वाटला. भाषा आमची, म्हणून माणूस आमचा. इथेच फसलो.

सायकलसुद्धा बोलत होती, मी ऐकलं नाही. तिकडच्या सायकलींना मागच्या चाकावर गोल कुलूप कायमचं बसवलेलं असतं, उघडं असताना चावी त्यातच अडकून राहते. या सायकलीला कुलूपच नव्हतं, फ्रेमवर ते बसवल्याच्या दोन खुणा होत्या. त्याने वेगळी साखळी दिली, चावी एकच. ‘दुसरी समुद्रात पडली.’ फ्रेम नंबरच्या जागी कसलासा स्टिकर. फिटर असून मी तो नखाने खरवडला नाही, याची अजून लाज वाटते.

चीफ ऑफिसरच्या परवानगीने सायकल मागच्या स्टोअरमध्ये बांधून ठेवली. दोन महिने मजेत गेले. जूनमध्ये पुन्हा रॉटरडॅम, आणि मासस्लाउसजवळ टायर फाटला. दुकानात नेली. कारागीर म्हाताऱ्याने स्टिकर काढला, नंबर मोबाइलवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. भाषा कळली नाही, पण लाल रंग कळला. तिथल्या पोलिसांची अशी सोय आहे, फ्रेम नंबर टाकला की चोरीची नोंद असेल तर दिसते. फुकट, मिनिटभराचं काम.

पोलीस आले. तिकडे चोरीची वस्तू ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटत नाही. किमतीवरूनच शंका यायला हवी होती, असा कायदा आहे. माझ्याकडे पावती नाही, विकणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. डोक्यात सायकल नव्हतीच. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘कधी अटक झाली होती का’ हा रकाना असतो, तोच डोळ्यांपुढे. एजंटला फोन, कॅप्टनला फोन, तीन तास बाकड्यावर. कॅप्टन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी जबाब घेऊन समज देऊन सोडलं.

जुनी सायकल हवीच असेल तर दुकानातून घ्या. दीडशे जातील, पण दुकानदाराला जुन्या मालाची नोंद ठेवावी लागते आणि तुम्हाला पावती मिळते. ती पावती सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदपुस्तकाच्या, पाऊचमध्येच ठेवा. रस्त्यावर कोणी सायकल दाखवली तर आधी नंबर तपासू द्या म्हणा. खरा असेल तो थांबेल. आणि भाड्याने घेताना डिपॉझिट म्हणून पासपोर्ट किंवा सीडीसी कोणाच्या हातात देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

निघताना मी विचारलं, पुढचा दिवा माझा आहे, काढून घेऊ का? पोलिसानेच दुकानातून स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. दिवा खिशात घालून फेरीपर्यंत चालत गेलो.