आरटीई २५ टक्के प्रवेशाची ऑनलाइन सेवा: सोडत सरळ, अडचण बलूनची

खासगी विनाअनुदानित शाळांत ज्या वर्गापासून प्रवेश सुरू होतो (नर्सरी किंवा पहिली), त्यातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) कलम १२ ने दिलेला हा हक्क महाराष्ट्रात ऑनलाइन अर्ज आणि सोडत यांतून मिळतो. मुंबईत या सेवेचा उपयोग कसा होतो आणि अर्ज कुठे फसतो, त्याबद्दल हा अभिप्राय.

आधी चांगलं, कारण ते खरंच चांगलं आहे. अर्जाला पैसे नाहीत, मुलाची मुलाखत नाही, डोनेशन नाही. सोडत संगणक काढतो, तिथे कुणाची ओळख चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली गेली. मुंबईसारख्या शहरात, जिथे पालिकेची शाळा हाकेच्या अंतरावर असते, तिथे ही योजना जवळजवळ संपलीच असती. मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द केला. योजना वाचली, हे फार बरं झालं.

आता बलून. अर्जात घराची जागा गुगल नकाशावर लाल बलून ठेवून दाखवावी लागते आणि शाळांचं अंतर त्यावरूनच ठरतं. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. गोवंडीतल्या पालकाने नुसतं 'शिवाजी नगर' टाइप केलं तर बलून गोवंडीऐवजी भलत्याच शिवाजी नगरात जाऊन बसतो. पत्ता बरोबर लागला तरी वस्तीतल्या गल्ल्या नकाशावर नसतात, म्हणून तो मुख्य रस्त्यावर थांबतो. त्या दोन-तीनशे मीटरांत ९०० मीटरवरची शाळा १,१०० मीटरवर जाते आणि प्राधान्य हातचं जातं. उलट, शाळा जवळ दिसावी म्हणून बलून सरकवला तर पडताळणीत अंतर जुळत नाही आणि लागलेला प्रवेश रद्द होतो. यावर उपाय साधा आहे: घराच्या दारात उभं राहून मोबाइलवर लोकेशन घ्या, अक्षांश-रेखांश कागदावर उतरवा आणि फॉर्म भरताना बलून तिथेच आणा. बलून मोजक्याच वेळा हलवता येतो, म्हणून हे काम सायबर कॅफेवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. त्याच्याकडून फॉर्म भरून घेतलात तर मोबाइल नंबर तुमचाच टाकला आहे ना, तेही बघा.

कागदपत्रांत मुंबईकर सर्वांत जास्त अडकतो तो भाडेकरारावर. नोटरीचा चालत नाही. दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या आधीचा करार लागतो. झोपडपट्टीतला घरमालक करार नोंदवायला सहसा तयार होत नाही, आणि ज्यांच्यासाठी ही योजना आहे तीच कुटुंबं इथे गळतात. या सेवेतली ही सर्वांत मोठी त्रुटी आहे आणि ती सरकारनेच दूर करायला हवी. बाकी कागद असे: खुल्या गटासाठी एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांना उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला महाराष्ट्रातलाच हवा. परराज्यातून आलेल्या कुटुंबांनी हे आधीच पाहून घ्यावं. मुलाचं नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच भरायचं, आणि एका मुलाचे दोन अर्ज भरायचे नाहीत. दोन्ही बाद होतात.

शाळा जास्तीत जास्त दहा निवडता येतात. दहा भरायलाच हव्यात असं मात्र नाही. सोडतीत लागलेल्या शाळेत प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीत संधी नसते, म्हणून जिथे मुलाला खरंच पाठवणार तेवढ्याच शाळा टाका. वर्ग नर्सरीचा आहे की पहिलीचा, माध्यम कुठलं, हेही बघा. बांद्रा-माहीमच्या कॉन्व्हेंट शाळा यादीत सापडणार नाहीत, कारण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना या तरतुदीतून वगळलं आहे. यादी घेऊन एकदा पायी चालून या. नकाशावर जवळची शाळा हार्बर रेल्वेच्या रुळांपलीकडे असेल तर सहा वर्षांच्या मुलाने रोज पूल कुठून चढायचा?

सोडतीनंतर एसएमएसची वाट बघत बसू नका. तो येईलच असं नाही. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती रोज बघा, कारण पडताळणी समितीपुढे मूळ कागद घेऊन जायची मुदत छोटी असते.

प्रवेश झाल्यावरचा खर्च या सेवेत कुठेच दिसत नाही. सरकार शाळेला फीची प्रतिपूर्ती देतं, तिची कमाल रक्कम गेली काही वर्षं वर्षाला १७,६७० रुपये आहे. ती थकते आणि मग गणवेश, सहल, बस यांवरून शाळा आणि पालक यांच्यात वाद सुरू होतात. कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच. नववीपासून पूर्ण फी. तेव्हा शाळा निवडताना तिची नववीची फी आजच विचारून ठेवा. ती झेपणारी नसेल तर पालिकेची शाळाही यादीसोबत तपासा: आठ माध्यमं, २७ शालोपयोगी वस्तू मोफत, आणि २०२० पासून काही ठिकाणी सीबीएसईसुद्धा.