जुनी पक्षीचित्रं प्रिंट करायला गंगापूर रोडवरचं दुकान: चार स्टार

पाचवा स्टार का कापला ते सांगते.

इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डचं हिमालयातल्या पक्ष्यांचं पुस्तक आहे, १८३० नंतरच्या एक-दोन वर्षांतलं, ८० प्लेट्स, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या वेबसाइटवर स्कॅन फुकट मिळतात, त्यातली शिंजीराची (सनबर्ड) प्लेट मला ए-थ्रीमध्ये छापून फ्रेम करून हवी होती. पुस्तकावर नाव गूल्डचं, पण पक्षी काढून छपाईच्या दगडावर तेलकट खडूने उतरवले त्याच्या बायकोने, एलिझाबेथने. या शिंजीराच्या शास्त्रीय नावातही तीच आहे, चला तेवढं तरी. बिचारी १८४१ मध्ये बाळंतपणात गेली, वय ३७.

या चित्रांत दगडावरून छापलेला असतो फक्त काळा ठसा. रंग एकेका कागदावर ब्रशने भरलेला, रंगारी समोर एक नमुना ठेवून तसंच्या तसं करत जायचे, म्हणून दोन प्रती कधी सेम नसतात, कुठे लाल जरा रेषेबाहेर जातो कुठे शेपटीचा निळा जास्त दाट बसतो, आणि मला तर मजा त्यातच वाटते.

आता दुकान. कॉम्प्युटरवरच्या दादाने फाइल उघडली आणि न विचारता ऑटो करेक्शन मारून प्रिंट काढली. कागदाचा पिवळसरपणा गायब, सगळं पांढरंफेक, पाठीचा लाल डोळ्यात घुसतोय. वर म्हणे, "ताई, हे तपकिरी डाग पण काढून देतो, एक्स्ट्रा काही नाही." म्हटलं दादा, जवळपास दोनशे वर्षांचा कागद आहे, त्याला फेशियल नको, आहे तसं छाप. त्या बिघडलेल्या प्रिंटचे निम्मे पैसे लावलेच, स्टार तिथे गेला.

दुसरी प्रिंट मात्र एक नंबर! जाड मॅट कागदावर घेतली, पंखावरचा खडूचा रवा चक्क दिसतो, पोटाजवळ रंगाची कड सुकून जी बारीक रेघ राहते तीसुद्धा. भिंग लावलं तर मशीनचे ठिपके दिसणारच, खऱ्या प्लेटवर ते नसतात, पण दोन हजाराच्या आत फ्रेमसकट अजून काय पाहिजे.

लॅमिनेशनला सरळ नाही म्हणा, ते विचारत पण नाहीत, करूनच टाकतात. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घ्याच, काच कागदाला चिकटली की आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी आलीच समजा. आणि गूल्डचे हमिंगबर्ड छापायच्या फंदात पडू नका, चमक यावी म्हणून त्यात सोन्याचा वर्ख लावून वर पारदर्शक रंग दिलेत, मैत्रिणीने छापून घेतला तर गळा नुसता मळकट आला. तिथे दुकानवाल्याची चूक नाही, वर्ख काय प्रिंटरमधून येणारे का.

फ्रेम सांगितल्या दिवशी तयार होती. पार्किंगची बोंब आहे, टू-व्हीलरनेच जा.