होडीचं वाळवण: फायबरच्या तळाचे फोड आणि आमचे मिस्त्री

मालवणजवळ कर्लीच्या खाडीकाठी काम करणाऱ्या एका फायबर मिस्त्रींबद्दल लिहितेय. नाव घालत नाही, कारण त्यांनीच हात जोडले. "नाव घालू नका हां वयनी, आधीच फोन वाजान वाजान जीव जाता." देवबाग-तारकर्लीच्या कुठल्याही धक्क्यावर 'होडी वाळत घालणारो मिस्त्री' म्हणून विचारलंत तर कुणीही हात करून दाखवेल. हे नाव लोकांनी त्यांना चिडवायला ठेवलंय. चिडवणाऱ्यांत पूर्वी मीही होते.

आमची होडी २४ फुटी, फायबरची, २०१३ साली बांधून घेतलेली. पर्यटकांना खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर आणि डॉल्फिन दाखवायला नेते. चालवतो नवरा, बुकिंग, हिशेब आणि डागडुजी माझ्याकडे. सासऱ्यांच्या वेळी लाकडी होडी होती, तिला दर वर्षी काजूच्या टरफलाचं तेल चोपडावं लागे. फायबर आली तेव्हा सगळे म्हणाले, आता तेल नको, किडा नको, कसली कटकट नको. नऊ वर्षं तसं वाटलंही.

२०२२ च्या पावसाळ्यात मी काटकसर केली. दर वर्षी मे अखेरीला होडी वर ओढतो, त्याला क्रेन आणि माणसं लागतात. ते पैसे वाचवायला खाडीत आतल्या बाजूला, माडांच्या आडोशाला नांगरून ठेवली. वारा नाही, लाटा नाहीत, होडी सुखरूप. पण पावसात नदीतून डोंगराकडचं पाणी येतं आणि खाडी गोडी होते. फायबरला गोडं पाणी खाऱ्यापेक्षा जास्त छळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कसं ते मिस्त्रींनी नंतर माझ्याच भाषेत समजावलं. चिरलेल्या कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं. पाणी नेहमी मिठाकडे धावतं. होडीच्या बाहेरचा रंगीत चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तो जलरोधक वाटतो, पण पाणी त्यातून अगदी हळू आत झिरपत राहतं. आत मॅट (काचेच्या तंतूंची चटई) आणि रेझिन (ती जोडून घट्ट करणारं रसायन) यांच्या थरांत बारीक पोकळ्या असतात, तिथे नीट न मुरलेली रसायनं असतात. ती झाली मीठ. पाणी तिथे पोचलं की त्यात ती विरघळतात, मग ते पाणी आणखी पाण्याला ओढतं, दाब वाढतो आणि जेलकोट फुगतो. बाहेर समुद्राचं खारं पाणी असेल तर ओढ थोडी कमी पडते. गोड्या पाण्याला अडवायला काहीच नाही. त्यात आमच्याकडचं पाणी बारा महिने कोमट, म्हणजे सगळं आणखी झपाट्यानं.

फोड दिसले पुढच्या वर्षी, खरवडून तळ धुताना. डाळीएवढे, काही दहाच्या नाण्याएवढे. जून २०२४ मध्ये होडी वर होती म्हणून एका कंत्राटदाराला काम दिलं. त्याने चार दिवसांत फोड फोडले, पॉलिएस्टरची, म्हणजे नेहमीच्या स्वस्त रेझिनची, पुट्टी भरली, रंग मारला आणि १८ हजार घेऊन गेला. बाहेर धो धो पाऊस, ताडपत्रीखाली काम. जानेवारीत तीच पुट्टी जखमेवरची खपली निघावी तशी निघाली आणि तिच्या भोवती नवे फोड. फोन केला तर म्हणतो, पाण्यात राहिल्यावर होणारच.

मग या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी तळावर नाणं वाजवलं, टकटक करत अख्खा फिरवला. घट्ट जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी भद्द. खडूने गोल काढत गेले, १३७ झाले. मग डोळ्यांना चष्मा लावून एक फोड टोचला. पाणी चिळकांडीसारखं उडालं, म्हणून तो चष्मा. वास व्हिनेगरसारखा आंबट. हातमोज्याच्या दोन बोटांत घासून दाखवलं, तेलकट-चिकट. "वयनी, ह्यां नुसतां पाणी नाय. आतलां रेझिन कुसलां."

मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, वीस दिवस कामाचे आणि अडीच महिने वाळायचे. मी हसले. "घाई आसात तर दुसऱ्याकडे जावा," आणि खरंच उठून आपल्या कामाला लागले. दुसऱ्याकडे मी आधीच जाऊन आले होते.

वेळ कोणती धरायची यावर त्यांचं ठाम मत आहे आणि माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे. आपल्याकडे होडी रिकामी असते पावसाळ्यात, म्हणून सगळे फायबरची कामं जून-जुलैला काढतात. तेव्हा हवाच इतकी ओली असते की तळ वाळायचा सोडून आणखी पाणी पितो. पावसात आपण पापड घालत नाही, आमसुलं घालत नाही, आणि लाखाची होडी मात्र घालतो. वाळायला जानेवारी ते मार्च हवेत, म्हणजे नेमके कमाईचे दिवस. शेवटी नाताळ आणि नवीन वर्षाची गर्दी उरकून १८ जानेवारी २०२५ ला होडी वर आली.

पहिल्या आठवड्यात जुना रंग घासून काढला, सगळे फोड ग्राइंडरने उघडून घट्ट थर लागेपर्यंत उथळ बशीसारखे केले. खड्डा उभ्या कडांचा ठेवला तर भरलेलं टिकत नाही, कडा लांबवर निमुळती हवी. हे करताना जी फायबरची धूळ उडते तिने शेजारच्या घरी रामायण झालं. त्यांनी अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घातली होती. ती सगळी टाकून द्यावी लागली, भरपाई मी दिली. मिस्त्रींनी आडोशाला कापड लावायला हवं होतं. त्यांनी लावलं, पण दुसऱ्या दिवशी.

मग मला न पटलेला भाग. वाळवायला आणलेली होडी त्यांनी धुवायला काढली. दर चार-पाच दिवसांनी, तीन आठवडे, विहिरीच्या पाण्याचा जोराचा फवारा एकेका खड्ड्यात. मी म्हटलं, हे काय? त्यांनी खारवलेल्या बांगड्याचा दाखला दिला. मीठ राहिलेला बांगडा कितीही वाळवा, पावसाळा लागला की पुन्हा ओला होतो. तसंच फोडातलं ते चिकट रसायन उन्हाने उडून जात नाही, उलट हवेतलं पाणी ओढत राहतं. ते धुऊनच काढावं लागतं. चौथ्या धुण्यानंतर आंबट वास गेला. तेव्हा मी गप्प बसले.

त्यानंतर नुसती वाट. वर सावली, खाली वारा, होडी ठोकळ्यांवर उंच, आतलं बिल्ज (तळाशी पाणी साचतं ती जागा) कोरडं पुसून फळ्या उघड्या. प्लॅस्टिकने गुंडाळू दिली नाही, आत घाम धरतो म्हणून. त्यांच्याकडे ओलावा मोजायचं मीटर आहे. त्याचा आकडा म्हणजे टक्के नव्हेत. पाण्याच्या रेषेवरचा कोरडा भाग आणि खालचा तळ यांची तुलना करायची. रंग घासल्याशिवाय मीटर लावण्यात अर्थ नाही, रंगातल्या तांब्याने आकडा फसवा येतो. मीटर नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी टेप लावून उन्हातल्या तळावर चिकटवा. आतून दव धरलं तर अजून ओलं. आमच्या होडीवर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते प्लॅस्टिक कोरडं राहिलं.

भरायला त्यांनी इपॉक्सी, म्हणजे पाण्याला सहजी दाद न देणारं रेझिन, वापरलं, पॉलिएस्टर अजिबात नाही. आधी पातळ हात, मग सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेलं, खोल जागी कापडाचे तुकडे. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं रसायन, थोडा कमी-जास्त चालतो, इपॉक्सीत नाही. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर ते कायमचं मऊ राहतं. म्हणून प्रत्येक वाटी काट्यावर तोलून. वर पूर्ण तळाला इपॉक्सीचे सहा हात, एक राखाडी एक पांढरा असे आलटून पालटून, म्हणजे कुठे राहिलं ते लगेच दिसतं. हे हात ते ऊन उतरल्यावरच देतात, चार ते सात. सकाळी तळ तापत जातो, आतली हवा फुगते आणि ओल्या थराला टाचणीएवढी भोकं पाडते. संध्याकाळी उलटं होतं. शेवटचा हात पक्का झाल्यावर त्यावर मेणचट साय येते, ती पाणी आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीने घासून काढायची, नाहीतर वरचा रंग धरत नाही. हे काम माझ्याकडे आलं. मजुरीत सूट मिळाली नाही.

होडी २३ एप्रिलला पाण्यात गेली. वीस दिवसांचं काम तीस दिवस चाललं आणि मे महिन्याच्या बुकिंगवर माझा जीव टांगणीला लागला होता. खर्च ७१ हजार. त्यात रेझिन-कापड २२, बाकी मजुरी आणि जागेचं भाडं. पक्कं बिल मिळालं नाही, वहीच्या कागदावर हिशेब मिळाला. पाण्याच्या रेषेची पट्टी मी सांगितलेल्या निळ्याऐवजी दुसऱ्याच निळ्या रंगाची आली. म्हणाले, डब्यावर हाच नंबर होता. फोन उचलत नाहीत. जाऊनच गाठावं लागतं.

आता न आवडणारी गोष्ट त्यांच्याच तोंडची: सगळ्यांनी एवढं करायची गरज नसते. माझ्यासमोर एका माणसाला त्यांनी परत पाठवलं. त्याच्या होडीला पाच-सहा बारीक फोड होते. अशाने होडी बुडत नाही, खडूने खूण करा, पुढच्या वर्षी वाढले तर या, एवढंच सांगितलं. नवी होडी बांधणाऱ्याला मात्र ते सोडत नाहीत: बाहेरच्या थरांना साधं स्वस्त रेझिन घालू नका, आयसो, म्हणजे पाण्यात जास्त टिकणारं रेझिन, घाला, आणि पहिल्यांदा पाण्यात जाण्याआधीच तळाला इपॉक्सीचे हात द्या. तेव्हा तळ कोरडाच असतो, वाळवायचे अडीच महिने वाचतात. आम्ही २०१३ मध्ये ते थोडे पैसेही वाचवलेच होते.

त्यानंतरच्या पावसात होडी वर होती, छपराखाली. डिसेंबरात ओहोटीला वाळूवर कलंडवून तळ पाहिला. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दोन बारीक फोड, जिथे किनाऱ्याला लावताना घासतं तिथे. मिस्त्री आले, खडूने गोल काढले, शेजारी तारीख घातली आणि चहा पिऊन गेले. पैसे घेतले नाहीत.

पाचपैकी चार. एक गुण पट्टीचा आणि सुंगटांचा. जायचं असेल तर गणपतीनंतर लगेच जाऊन जानेवारीची जागा धरा, त्यांच्याकडे एका वेळी दोनच होड्या मावतात. आणि संध्याकाळी सातनंतर जा, ब्रश हातात असताना ते कुणाशी बोलत नाहीत.