दत्तक बाळासाठी आईचं दूध: पान्हा आणावा, दूधपेढीतून घ्यावं की नळीने पाजावं?

दत्तक बाळ घरी येणार असं ठरलं की अनेकींच्या मनात एक प्रश्न येतो आणि तो मोठ्याने विचारायला संकोच वाटतो: मी जन्म दिला नाही, तरी मला अंगावर पाजता येईल का? येतं. मात्र या प्रश्नाच्या पोटात दोन इच्छा असतात. बाळाला आईचं दूध मिळावं ही एक, आणि बाळाने आपल्या छातीशी प्यावं ही दुसरी. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. त्यातली कोणती इच्छा अपुरी राहिली तर जास्त चुकचुकेल, हे आधी स्वतःशी ठरवा. पुढची निवड बरीच सोपी होते.

पान्हा आणण्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त आशा आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच वाटेवर आहेत. दूध यायला गरोदरपण लागतंच असं नाही. प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही दूध बनवणारी आणि उतरवणारी संप्रेरकं मेंदूतल्या पीयूष ग्रंथीतून रक्तात येतात, आणि स्तन जितके वारंवार रिकामे होतील तितकं दूध बनत राहतं. त्यामुळे गर्भाशय काढलेल्या बाईलाही पान्हा फुटू शकतो. नुसत्या पंपावर (दूध काढायच्या यंत्रावर) प्रयत्न करायचा तर दिवसातून साधारण ८ वेळा, दर वेळी १०-१५ मिनिटं, आणि त्यातली एक वेळ रात्रीची. पहिले काही आठवडे थेंबही दिसला नाही तरी पंप चालू ठेवावा लागतो. हे सगळं बाळ अजून घरात नसताना करायचं असतं, आणि मनाला तेच जड जातं.

दुसरी पद्धत औषधांच्या आधाराने. काही महिने गर्भनिरोधक गोळ्या आणि डॉम्पेरिडोन (मुळात मळमळ-उलटीवरचं औषध, त्याने प्रोलॅक्टिनही वाढतं) घेऊन शरीराला गरोदरपणासारखी स्थिती द्यायची, मग बाळ येण्याच्या सुमारे ६ आठवडे आधी गोळ्या थांबवून पंप सुरू करायचा. दूध वाढायला याने मदत होऊ शकते, पण ही औषधं साधी नाहीत. डॉम्पेरिडोनने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये दुधासाठी ते वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. आधी गुठळी झालेली असेल, स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, वय पस्तिशीच्या पुढे असून धूम्रपान असेल, तर ही वाट सोडून द्या. बाकीच्यांनीही आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि चालू असलेलं प्रत्येक औषध त्यांना सांगावं. मैत्रिणीने दिलेल्या चिठ्ठीवरून गोळ्या आणून खाऊ नयेत, हे मी कळकळीने सांगते.

मग दूध येतं किती? पहिल्या महिन्यानंतर सहाव्यापर्यंत बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलि दूध पितं. पान्हा आणलेल्या बहुतेक जणींचं दूध एवढं भरत नाही. कुणाचं थेंबभर, कुणाचं अर्धं, मोजक्या जणींचं पूर्ण. आधी बाळंतपण झालेलं असेल तर शक्यता वाढते. त्यात दत्तक प्रक्रियेची तारीख आपल्या हातात नसते: कधी वर्षभर वाट पाहावी लागते, कधी आठवड्याभरात बाळ दारात. महिनोन्‌महिने आधी सुरू करायची पद्धत अशा वेळी निसटून जाते.

दूधपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध तपासून साठवणाऱ्या केंद्रातलं दूध हा शांतपणे विचार करण्याजोगा पर्याय आहे. दात्या आयांची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून गोठवतात. त्यात जंतू मरतात, पण काही संरक्षक प्रथिनं कमी होतात, जिवंत पेशी राहत नाहीत. तरी ते आईचंच दूध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००३ च्या धोरणातही आईचं स्वतःचं दूध मिळत नसेल तर निरोगी दूधआईचं (दुसरीच्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईचं) किंवा दूधपेढीचं दूध आणि तान्ह्या बाळांसाठीचं पावडरचं दूध असे पर्याय सांगितले आहेत. अडचण मिळण्याची. पहिला हक्क वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांचा असतो आणि तो तसाच असायला हवा. निरोगी दत्तक बाळाला मिळालं तर बहुधा थोडं आणि थोडेच दिवस.

अनोळखी बाईकडून परस्पर दूध विकत घेणं मला पटत नाही. अशा दुधाच्या नमुन्यांत जंतू आणि गाईच्या दुधाची भेसळ सापडलेली आहे. जवळची बाई देणार असेल, तर तिच्या रक्ततपासण्या आणि तिची औषधं याबद्दल संकोच न करता विचारा.

आता नळी. एक छोटी बाटली गळ्यात अडकवायची, तिची बारीक नळी स्तनाग्राशी चिकटवायची, आणि बाळ छातीशी लागलं की नळीतून दूध त्याच्या तोंडात. बाटलीत पेढीचं दूध भरा नाहीतर पावडरचं. स्वतःचं दूध शून्य असलं तरी चालतं. चोखण्याने हळूहळू पान्हाही येऊ शकतो. ज्यांना जवळिकीची ओढ जास्त आहे, त्यांना मी आधी हेच सुचवेन, पंपाच्या वेळापत्रकाच्याही आधी. कष्ट आहेतच. दर वेळी नळी धुवायची, रात्री डोळे मिटत असताना ती पुन्हा चिकटवायची.

पावडरच्या दुधावर वाढलेलं बाळही छान वाढतं, आणि याबद्दल कुणी तुम्हाला कमीपणा देऊ लागलं तर ऐकून घेऊ नका. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून किमान ७० अंशांना असताना ती मिसळावी, निवल्यावर पाजावं. दाट किंवा पातळ न करता डब्यावरच्या मापानेच.

बाळाचं वयही विचारात घ्या. साधारण ८ आठवड्यांच्या आतलं बाळ छातीशी लवकर रुळतं. मोठं आणि बाटलीची सवय झालेलं बाळ तोंड फिरवू शकतं. अशा वेळी कपडे बाजूला ठेवून त्वचेला त्वचा लावून निजवा, ते अर्धवट झोपेत असताना प्रयत्न करा. रडू लागलं तर लगेच थांबा आणि बाटली द्या. भुकेल्या बाळाशी हट्ट नको. कोणतीही वाट घ्या, वजन दर आठवड्याला आणि लघवीने भिजलेली लंगोटं रोज मोजा. दिवसाला सहापेक्षा कमी ओली झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.