कोळशाचे डांबर आणि वायू: अभ्यासासाठी त्साइट्स की सासोलबर्ग?

कोळशापासून इंधन या विषयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या रसायन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने जर्मनीतील त्साइट्स आणि दक्षिण आफ्रिकेतील सासोलबर्ग हे दोन कारखाने आधी ताडून पाहावेत. त्साइट्सला डांबर हा कच्चा माल होता, तर सासोलबर्गला ते वायू तयार करताना निघणारे उपउत्पादन होते, आणि दोन्हीकडची पुढची सारी मांडणी या फरकावरून ठरली.

त्साइट्सचा कारखाना १९३९ मध्ये सुरू झाला. मध्य जर्मनीतील लिग्नाइटच्या (तपकिरी, हलक्या प्रतीच्या कोळशाच्या) विटांमधून गरम वायू खेळवून काढलेल्या मेणयुक्त डांबरावर तेथे ३०० वातावरण दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया होत असे, आणि तापमान मुद्दाम बेताचे ठेवल्याने डिझेल व वंगणतेलाबरोबर मेणही हाती लागे. उत्प्रेरकाचा (प्रक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचा) थर स्थिर असल्यामुळे डांबरातील धूळ आधी काढावीच लागे, नाहीतर थर तुंबे. फिरत्या हायड्रोजनमध्ये साठत जाणारे हायड्रोकार्बन वायू दाबाखालीच तेलाने धुऊन काढत. १९४४ च्या बाँबहल्ल्यांनंतर येथे बुखेनवाल्ड छळछावणीच्या उपछावणीतील कैद्यांना राबवले गेले. या कारखान्यावर लिहिणाऱ्याने ही बाब कधीही गाळू नये.

सासोलबर्गला १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. लुर्गी गॅसिफायरमध्ये, म्हणजे कोळशाचा वायू करणाऱ्या लुर्गी पद्धतीच्या भट्टीत, कोळसा वरून पडतो, वाफ आणि ऑक्सिजन खालून शिरतात. वर चढणारा तप्त वायू ताज्या कोळशातून जात असल्याने त्यातून सुटणारे डांबर जळून न जाता वायूबरोबर बाहेर पडते. वायू थंड केला की डांबर, तेल आणि फिनॉल व अमोनियाने भरलेले पाणी मिळते. टाकीत जड डांबर तळाशी बसते आणि हलके तेल पाण्यावर तरंगते. धूळमिश्रित डांबर पुन्हा गॅसिफायरमध्येच सोडले जाते. पाण्यातले फिनॉल द्रावकाने, तर अमोनिया वाफेने काढावा लागतो. राहिलेला वायू शून्याखाली बऱ्याच थंड मिथेनॉलने धुतला जातो, कारण या वायूपासून द्रव इंधन बनवणाऱ्या फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेतील लोहाच्या उत्प्रेरकाला गंधक सोसत नाही. २००४ मध्ये कारखाना कोळसा सोडून मोझांबिकच्या नैसर्गिक वायूवर गेला.

लिग्नाइट हाच विषय असेल, तर त्साइट्स घ्यावे. तमिळनाडूतील नेयवेलीलाही एके काळी लिग्नाइटच्या विटांचे कार्बनीकरण (हवेविना तापवणे) होत असे. पण भारतातील भरपूर राखेच्या दगडी कोळशाचा विचार करणाऱ्याने, माझ्या मते, निःशंकपणे सासोलबर्ग निवडावे, कारण ओडिशातील अंगुल येथे त्याच जातीचे गॅसिफायर बसवले गेले आहेत. सुरुवात मात्र इंधनाच्या आकड्यांपासून न करता त्या सांडपाण्यापासून करावी: एक टन कोळशामागे फिनॉल आणि अमोनिया किती निघतो आणि त्यातील किती परत मिळवता येतो, हा हिशेब जमल्याशिवाय अशा कारखान्याच्या खर्चाचा अंदाज बांधता येत नाही.