जोड्यातला इनसोल की पावलावरचा पट्टा?

चाल मोजण्यासाठी जोड्यात घालायचा, दाब मोजणारा इनसोल घ्यावा की पावलावर पट्ट्याने बांधायचा गतीचा सेन्सर घ्यावा, असे फिजिओथेरपीचे छोटे केंद्र चालवणारे परिचित मला वरचेवर विचारतात. नागपुरातील माझ्या केंद्रात मी दोन्ही वापरले आहेत.

एका बाबतीत इनसोलचे पारडे निःसंशय जड आहे. पायावर भार किती पडतो, हे तोच थेट दाखवतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर 'निम्माच भार द्या' असे सांगितलेल्या रुग्णाला तो निम्मा म्हणजे किती, हे पडद्यावर दिसते. पट्ट्यावरच्या सेन्सरला हे जमत नाही.

अडचण जोड्याची आहे. आपल्याकडे बहुतेक रुग्ण चपला घालून येतात आणि त्याही दाराशी काढतात. म्हणून मला इनसोलच्या प्रत्येक मापाचा जोडा केंद्रातच ठेवावा लागला. लकव्याचे एक काकाजी आठवतात. ताठरलेल्या पायाची बोटे आत वळलेली, टाच जोड्यात खाली बसेना, आणि ती दाबताना खालचा इनसोल दुमडून पुढे सरके. जोडा चढवण्यात वीस मिनिटे गेली, चालणे मिनिटभराचे. "डॉक्टरसाहेब, जोडा घालण्यातच मी दमलो, आता चालू कसा?" असे ते म्हणाले, आणि त्या दिवशीची नोंद त्यांच्या चालीची होती की थकव्याची, हे मला आजही सांगता येणार नाही. शिवाय घरी ते फरशीवर अनवाणीच चालणार होते. मे महिन्यात घामाने ओला झालेला इनसोल पुढच्या रुग्णाला देणे, हा निराळाच संकोच.

पट्टा अनवाणी पावलावर अर्ध्या मिनिटात बसतो. निरोगी चालीत प्रत्येक पाऊल आवर्तनाचा, म्हणजे ते एकदा टेकल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा, सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर असते. लकव्यात चांगल्या पायाचा हा वाटा वाढतो, आणि दोन पायांतील ही तफावत दर आठवड्याला कमी होते आहे का, एवढेच मला बहुधा पाहायचे असते, आणि ते पट्ट्यावरून कळते. पावलाची लांबी मात्र जपून वाचावी. ती त्वरणावरून गणिताने काढलेली असते आणि पाऊल जमिनीवर स्थिर असताना वेग शून्य धरून त्यातील चूक पुसली जाते. पाय घासत चालणाऱ्याच्या बाबतीत तो स्थिर क्षणच धूसर होतो. सेन्सरमधील चुंबकीय होकायंत्रही लोखंडी कूलर, पलंग आणि धरून चालायचे पॅरलल बार (समांतर दांडे) यांच्याजवळ बहकते, त्यामुळे मी ते बंद ठेवतो.

तुमच्या केंद्रात हाडांचे रुग्ण अधिक असतील, तर माझे मत कदाचित लागू पडणार नाही. मेंदूविकाराचे अधिक असतील, तर आधी पट्टाच घ्यावा, असे मला वाटते. सोबत दोन जास्तीचे पट्टे मागून घ्यावेत, कारण वेल्क्रोत सतरंजीचे धागे अडकले की त्याची पकड सुटते आणि सेन्सर चालता चालता फिरतो.